जावयाच्या भरवशावर सोनमासे

परीक्षकसाहेबांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड बंद ठेवायची त्यांना सवय नव्हती. वाहन परवान्याच्या कचेरीत ते लोकांची परीक्षा घेत. शेजारच्या सीटवर बसायचं आणि चालवणाऱ्याचं काय काय चुकलं ते सांगत सुटायचं, हा त्यांचा पेशा. आरशात बघितलं नाही म्हणून नापास, आरशात फार वेळ बघितलं म्हणूनही नापास. बर्फाळ मुलखातल्या त्या शहरातली निम्मी माणसं आपल्यामुळे पायी चालतात आणि म्हणूनच त्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, असं साहेबांचं प्रामाणिक मत होतं.

घरी मात्र त्यांना कुठल्याच परीक्षेला बसावं लागत नसे. बायको दातांची डॉक्टर. सासूबाई मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. दोघींनी मिळून घर असं चालवलं होतं की साहेबांना फक्त जेवायला हाक मारली की पुरे.

तर त्या दिवशी चहाच्या वेळी सासूबाईंनी सांगितलं की धाकटी लेक बाळंत व्हायची आहे, तेव्हा यंदाचा हिवाळा त्या तिच्याकडेच काढणार. अडचण एकच होती, परसातल्या तळ्यातल्या सोनमाशांची. निवृत्तीनंतर सासूबाईंनी ते तळं स्वतः उभं राहून खणून घेतलं होतं आणि त्यात सात गोल्डफिश सोडले होते. प्रत्येकाला बेड नंबर होता. शेपटी फाटलेला तो बेड नंबर चार, डोक्यावर पांढरा ठिपका असलेला तो बेड नंबर एक, असा सगळा वॉर्डच होता तो. सकाळी त्या काठावर उभ्या राहिल्या की सातही जण रांगेत वर येत. (यात शिस्त किती आणि धाक किती, हे माशांनाच ठाऊक.)

"मासे मी मैत्रिणीच्या घरातल्या टाकीत ठेवून जाते," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला?" वर्तमानपत्राच्या आडून साहेब म्हणाले. "मी आहे की. मी बघीन."

बायकोने कप खाली ठेवला. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "तुम्ही?"

खरं म्हणजे साहेब बोलायचं म्हणून बोलले होते. 'छे, तुम्ही कशाला त्रास घेता' असं उत्तर येईल आणि आपण परत खेळाच्या पानाकडे वळू, एवढीच त्यांची अपेक्षा. पण त्या 'तुम्ही'ने घात केला.

"का? मला काय झालंय?"

"तुम्हाला काही नाही झालं," बायको म्हणाली. "आई, यांनी निवडुंग बुडवून मारला होता."

"निवडुंगाचा इथे संबंध नाही," साहेब म्हणाले. "मासे पाण्यातच असतात. ते बुडायचा प्रश्न येत नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. सासूबाईंनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग इस्पितळात नव्या नर्सला सांगावं तसं एकेक सांगितलं. तळं कमरेपेक्षा खोल आहे, तळाशी पाणी गोठत नाही. थंडीत मासे तिथे जाऊन बसतात, हालचाल बंद करतात, जवळजवळ झोपतातच. त्यांना झोपू द्यायचं. गारठा पडला की खायला घालायचं नाही, पचत नाही त्यांना. वर बर्फ धरला तर ठोकायचा नाही, हादऱ्याने मासे मरतात. कडेचे लव्हाळे कापायचे नाहीत, त्यांच्या देठांतून हवा आत जाते.

"थोडक्यात काय, जावईबापू, काहीही करायचं नाही. जमेल?"

साहेबांनी मान डोलावली. पण तेवढ्यात त्यांची नजर खेळाच्या पानावर परत गेली होती, त्यामुळे या सगळ्यातलं 'ठोकायचं नाही' आणि 'जमेल?' एवढंच त्यांच्या कानात शिरलं होतं.

आता काही न करण्यात साहेबांचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. रविवारची रविवार ते काही न करता काढत. पण ते न करणं वेगळं. इथे जबाबदारी होती. जबाबदारी अंगावर घेऊन नुसतं बसायचं म्हणजे कचेरीतसुद्धा समोर एखादा कागद धरून बसावं लागतं. सासूबाईंची गाडी कोपऱ्यावर वळली आणि साहेब बाह्या सरसावून परसात गेले.

पहिलं म्हणजे माशांना खायला घालणं. थंडी वाढली तसे मासे मंदावले. खाणं टाकलं तर त्याच्याकडे ढुंकून बघेनात. साहेबांना वाटलं, सासूबाईंच्या आठवणीने अन्न गोड लागत नाहीये. म्हणून त्यांनी दुप्पट टाकलं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर एक कणही नव्हता. साहेब खूश. (ते कचेरीत गेल्यावर बायको गाळणीने सगळं काढून टाकते, हे त्यांना कोण सांगणार? तिने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी तिप्पट टाकलं असतं.)

रविवारी सासूबाईंचा फोन आला.

"मासे कसे आहेत?"

"एकदम मजेत. अंगाने भरलेत."

"भरलेत? तुम्ही खायला घालताय?"

"छे छे. असेच भरलेत."

"न खाता?"

"हवा मानवली असेल."

मग सासूबाई म्हणाल्या, "जरा तिला फोन द्या."

मग एके सकाळी साहेब उठून मागच्या दारात आले तर तळं गोठलेलं. काठापासून काठापर्यंत पांढरा जाड पापुद्रा आणि मासा एकही नजरेस पडेना. आत सात जीव कोंडलेले आहेत, हवा नाही, उजेड नाही, आणि आपण इथे गरम कपडे घालून उभे. हातोडी आणायला ते वळले, पण 'ठोकायचं नाही' हे त्यांना आठवलं. बरं, ठोकायचं नाही. पण वितळवायचं नाही असं थोडंच कोणी सांगितलं होतं?

साहेबांनी घरात नजर फिरवली. गरम, सपाट आणि मुठीत धरता येईल अशी वस्तू एकच होती.

थोड्याच वेळात ते काठावर पालथे पडले होते. स्वयंपाकघरातून आलेली लांब वायर अंगणभर पसरली होती आणि साहेब हलक्या हाताने तळ्याला इस्त्री करत होते. काम चांगलं चाललं होतं. बर्फातून वाफ निघत होती, वाटीएवढं भोक पडलं होतं. कुंपणापलीकडे शेजारचे घड्याळजी आपल्या दुकानाला निघाले होते, ते थांबले. रोज भिंग लावून बारीकसारीक चक्रं बघणारा माणूस तो, त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"कुठे समारंभाला जायचंय का?" घड्याळजींनी विचारलं.

"कोणाला?"

"तळ्याला."

साहेबांनी उत्तर देण्यासाठी मान वर केली आणि तेवढ्यात हातातली इस्त्री सटकली. ती भोकापाशी क्षणभर अडली, स्वतःच्या उष्णतेने तिने भोक मोठं केलं आणि डुबुक करून तळ्यात गेली. घरातला रेडिओ मध्येच बंद पडला.

"अहो, लाइट गेली का?" आतून बायकोने विचारलं.

"हो. सगळीकडेच गेली असेल."

"आमच्याकडे आहे," घड्याळजी म्हणाले. माणूस सज्जन होता, पण गप्प राहायला शिकला नव्हता.

साहेबांनी आधी प्लग काढला, वायर ओढली तर ती एकटीच वर आली, मग भोकाला डोळा लावला. खाली काळोख होता. नजर सरावली तसं तळाशी काहीतरी नारिंगी दिसलं. झाडूचा दांडा आणून त्यांनी हळूच ढोसलं. ते जरा कलंडलं आणि तसंच राहिलं. शेजारी दुसरं. त्याच्या शेजारी तिसरं, तेही गप्प. साहेब गुडघ्यांवर बसले. कचेरीत रोज दहा जणांना हसत हसत नापास करणाऱ्या या माणसाने झाडूचा दांडा अलगद बाजूला ठेवला आणि हात जोडले. आपण सासूबाईंच्या सातही माशांना विजेचा झटका देऊन मारलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. सासूबाईंच्या शब्दांपैकी 'झोपतात' एवढा एक जरी शब्द त्यांनी ऐकला असता तर पुढचे तीन महिने त्यांना झोप लागली असती.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "इस्त्री कुठे आहे?"

"दुरुस्तीला दिली."

"बिघडली होती?"

"आता बिघडली असेल," साहेब म्हणाले आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

बायकोने नवऱ्याचा चेहरा बघितला, मागच्या दारात जाऊन बर्फातलं इस्त्रीच्या आकाराचं भोक बघितलं आणि दार लावून घेतलं. दाताच्या डॉक्टरला समोरच्याचं तोंड बघूनच आत काय झालंय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कचेरीतून लवकर निघून पाळीव प्राण्यांचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या बाईंना त्यांनी सात गोल्डफिश मागितले, त्यातला एक फाटक्या शेपटीचा आणि एक डोक्यावर ठिपका असलेला.

"फाटक्या शेपटीचे आम्ही ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "ठिपक्याचा मिळेल. तळ्यात सोडणार का?"

"हो, लगेच."

"मग मेलेच समजा. हे उबदार टाकीतले आहेत. थंडी सरेपर्यंत घरात ठेवा, मग सोडा."

घरात ठेवायचे म्हणजे बायकोच्या नजरेसमोर ठेवायचे. म्हणून माशांची रवानगी कचेरीत झाली. साहेबांच्या खोलीत टेबलाशेजारी एक काचेची टाकी आली आणि कचेरीत चर्चा सुरू झाली. परीक्षेला येणाऱ्या लोकांचा त्या माशांबद्दल भलताच समज झाला. साहेबांचा मासा वर आला तर पास, खाली गेला तर नापास, अशी बातमी बाहेरच्या बाकावर पसरली. एक बाई तर आत येऊन टाकीला नमस्कार करून मगच गाडीत बसल्या. (त्या नापास झाल्या. त्यांनी सिग्नल न देताच कचेरीच्या फाटकातून गाडी बाहेर काढली. मासा मात्र वर आला होता.)

रविवारचे फोन चालूच होते. साहेबांना ते फोन आता आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलण्यासारखे वाटू लागले होते.

"मासे दिसतात का?"

"तळाशी आहेत."

"शांत आहेत ना?"

"अगदी शांत आहेत," साहेब म्हणाले. श्रद्धांजली वाहावी तशा सुरात त्यांनी हे म्हटलं आणि फोन ठेवला.

सासूबाईंनी अख्खं आयुष्य इस्पितळात काढलं होतं. 'अगदी शांत आहेत' हे वाक्य कोणत्या सुरात म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी नातवाच्या दुपट्याची घडी घातली, धाकटीला म्हणाल्या, "गेले वाटतं," आणि पुढे कधी माशांची चौकशी केली नाही. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या चौकशी का करत नाहीत, याचा विचार मात्र त्यांनी केला नाही.

त्याच सुमारास बायकोने दवाखान्यात वाट बघण्याच्या खोलीत माशांची टाकी ठेवली. साहेब तिला घ्यायला गेले तेव्हा त्यांना ती दिसली.

"हे काय नवीन?"

"पेशंटचं मन रमतं," बायको म्हणाली. "ड्रिलचा आवाज ऐकून घाबरतात ना."

"छान आहेत. किती आहेत?"

"मोजले नाहीत."

साहेबांनीही मोजले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीतला सैल आरसा त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसे, पण स्वतःच्या बायकोच्या टाकीतले सात मासे त्यांना समोर उभं राहूनही दिसले नाहीत.

इकडे परसातल्या तळ्याकडे त्यांनी बघणंच सोडलं. मेलेल्यांसाठी काय करायचं? खाणं बंद झालं, ढोसणं बंद झालं. लव्हाळे कापून कडा जरा नीटनेटक्या कराव्यात असं त्यांच्या मनात होतं, तेही राहून गेलं. सासूबाईंनी सांगितलेलं 'काहीही न करणं' शेवटी निराशेपोटी का होईना, त्यांच्या हातून झालं.

थंडी सरली, बर्फ वितळला. सासूबाई रविवारी येणार असं कळलं. साहेबांनी पहिल्यांदा इस्त्री काढायला घेतली. बागेतलं दाताळं घेऊन त्यांनी तळ अख्खा उलथापालथा केला, तेव्हा गाळाने लडबडलेली इस्त्री वर आली. तळ्याचं पाणी आता चहासारखं दिसत होतं. माशांचं नामोनिशाण नव्हतं. विरघळले असावेत, असा साहेबांनी अंदाज केला आणि डोळे पुसले.

"दुरुस्तीहून आली का?" खिडकीतून बायकोने विचारलं.

"आली," साहेब म्हणाले. "पण त्यांनी नीट केलेली नाही."

शनिवारी बायको म्हणाली, तिला दवाखान्यात थोडं काम आहे. साहेबही म्हणाले, त्यांना कचेरीत थोडं काम आहे. दोघांनी एकमेकांना अडवलं नाही. अशी समजूतदार शनिवार सकाळ त्यांच्या संसारात पूर्वी आली नव्हती.

साहेबांनी बादलीत मासे घेतले, बादली शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला आणि गाडी काढली. पाणी हिंदकळू नये म्हणून ते इतक्या सावकाश निघाले की मागे वाहनांची रांग लागली. मागचा एक जण भोंगे वाजवून दमला आणि शेवटी गाडी शेजारी आणून त्याने काच खाली केली. गेल्या वर्षी साहेबांनी त्याला सावकाश चालवल्याबद्दल नापास केलं होतं. त्याने साहेबांकडे बघितलं, पट्टा बांधलेल्या बादलीकडे बघितलं आणि समाधानाने निघून गेला.

घरी कोणी नव्हतं. साहेबांनी मासे गढूळ पाण्यात सोडले. ते शेपटी हलवून खाली गेले आणि दिसेनासे झाले. साहेबांनी बादली धुऊन उलटी ठेवायला मोरी गाठली. तिथे आधीच एक ओली बादली उलटी ठेवलेली होती. (याचाही त्यांनी विचार केला नाही.)

रविवारी सासूबाई आल्या. टॅक्सीतून उतरताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकणाचा मोठा डबा होता. साहेबांनी डबा घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो मागे घेतला.

"आधी चहा घ्या," साहेब म्हणाले.

"आधी तळं," सासूबाई म्हणाल्या.

रात्रीत गाळ खाली बसून पाणी नितळलं होतं. त्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. पाणी हललं. एक नारिंगी पाठ वर आली. मग दुसरी. साहेबांनी छाती पुढे काढली. सासूबाई बोटाने मोजत होत्या. शस्त्रक्रिया संपल्यावर कापसाचे बोळे मोजायची त्यांना सवय होती, पोटात एखादा राहू नये म्हणून. पण कमी भरण्याचा धोका त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, जास्त भरण्याचा पहिल्यांदाच पाहत होत्या. सात झाले. आठ झाले. बारा झाले. तळं वर आल्यासारखं वाटायला लागलं.

"एकवीस," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांच्या हिशेबाने सातच असायला हवे होते. बायकोचाही चेहरा पडला होता, तिच्याही हिशेबाने सातच असायला हवे होते.

"हा बेड नंबर एक. हा चार, शेपटी फाटलेला," सासूबाई वाकून ओळख पटवत होत्या. "माझे सातही आहेत. धडधाकट आहेत. मग हे बाकीचे कोण?"

माशांची पहिली बॅच जिवंत आहे म्हणून आनंदाने नाचावं, की दुसरी आपण आणली म्हणून मूग गिळून बसावं, की तिसरी कुठून आली म्हणून डोकं खाजवावं, हे साहेबांना ठरवता येईना.

"पिल्लं झाली असतील," ते म्हणाले.

"आईएवढी?"

"खाणं चांगलं मिळालं."

"आई," बायको मध्येच म्हणाली, "यातले सात मी सोडलेत. दवाखान्यातले. मला वाटलं, यांनी तुझे मारले."

साहेब दुखावले गेले. बारा वर्षांच्या संसारानंतर बायकोने आपल्यावर एवढाही भरवसा ठेवू नये? आवाजात जमेल तेवढी जखम आणून ते म्हणाले, "म्हणजे तुला वाटलं, मला सात मासे सांभाळता येणार नाहीत?"

"हो," बायको म्हणाली. "आणि बाकीचे सात कोणाचे?"

साहेबांनी आकाशाकडे बघितलं. आकाश निरभ्र होतं, तिथून काही मदत आली नाही. घड्याळजी कुंपणाशी येऊन उभे राहिले होते.

"माझे," साहेब म्हणाले.

"म्हणजे तुमचाही तुमच्यावर भरवसा नव्हता," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट निदान पक्कं झाल्याचं समाधान होतं.

आता निदान सासूबाईंनी तरी आपल्यावर विश्वास ठेवला, या एकाच आधारावर साहेब उभे होते. ते केविलवाण्या चेहऱ्याने त्यांच्याकडे वळले. सासूबाईंनी नजर चुकवली. निवृत्त मेट्रनने नजर चुकवल्याचं साहेब पहिल्यांदाच बघत होते. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण उघडलं. डब्यात पाणी होतं. पाण्यात सात गोल्डफिश होते आणि त्यातल्या एकाची शेपटीसुद्धा फाटलेली होती.

"असा मिळायला फार हिंडावं लागलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तळं रिकामं बघून तुम्हाला उगाच वाईट वाटायला नको."

सासूबाईंनी डबा अलगद तिरपा केला. मासे तळ्यात गेले आणि तिथे आधीच असलेल्या गर्दीत मिसळून गेले. पाण्यापेक्षा आता मासेच जास्त दिसत होते.

"पण मुख्य गोष्ट ही की मूळचे सात जगले," साहेब घसा खाकरून म्हणाले. "कोणीतरी सांभाळल्याशिवाय थोडेच जगले?"

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मासे सांभाळणं सोपं असतं. त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "पुढच्या हिवाळ्यात मासे इथेच राहू देत. यांना मी धाकटीकडे घेऊन जाते."

बायकोने तळ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिवाळ्यापर्यंत थांबायलाच हवं का गं?"